लेखी हुकूम द्या

सेशन कोर्टात आरोपीला उभं करून दोषारोप वाचून दाखवतात, तेव्हा कोर्टातल्या बहुतेकांचं तिकडे लक्ष नसतं. शिरस्तेदार कागद लावत असतात, पुढच्या प्रकरणातले वकील कुजबुजत असतात, बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं जात असतं. न्यायाधीश मराठीत विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?" आरोपी म्हणतो, "नाही साहेब." ते लिहून घेतलं जातं, खाली त्याची सही किंवा अंगठा. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. साताऱ्यात फौजदारी वकिली करताना मला आता २७ वर्षं होतील. ती पाच मिनिटं मी हातातलं सगळं खाली ठेवून ऐकते. ही सवय मला एका सिनेमामुळे लागली.

पुण्यात कायदा शिकत असताना, १९९६ च्या पावसाळ्यात, मैत्रिणीने ओढून एका फिल्म सोसायटीच्या खेळाला नेलं. स्टॅन्ली कुब्रिकचा 'पाथ्स ऑफ ग्लोरी', १९५७ सालचा, काळा-पांढरा, जेमतेम दीड तासाचा. युद्धपट आहे एवढंच माहीत होतं. लढाई त्यात आहेच, आणि ती अंगावर येते. पण माझ्या मनात घर केलं ते त्यातल्या खटल्याने. पुराव्याच्या कायद्याची परीक्षा तोंडावर होती, आणि पडद्यावर मी असं एक कोर्ट पाहत होते जिथे पुराव्याला जागाच नव्हती.

गोष्ट पहिल्या महायुद्धातली, १९१६ ची, फ्रेंच सैन्याची. सेनापती ब्रुलार एका राजवाड्यात जनरल मिरोला भेटायला येतो. 'अँट हिल' नावाचं जर्मनांच्या ताब्यातलं ठाणं दोन दिवसांत जिंकायचं आहे. मिरो आधी म्हणतो, अशक्य. मग ब्रुलार त्याच्या बढतीचा विषय हळूच काढतो, आणि बोलता बोलता अशक्य ते शक्य होऊन बसतं. हल्ल्याची जबाबदारी येते ७०१ व्या रेजिमेंटच्या कर्नल डॅक्सवर. हा डॅक्स युद्धाआधी फ्रान्समधला नावाजलेला फौजदारी वकील. कर्क डग्लसने ही भूमिका केली आहे. हल्ला फसतो. एक तुकडी तर खंदकातून बाहेरच पडू शकत नाही, कारण वर डोकं काढणारा माणूस तिथेच कोसळतो. दुर्बिणीतून पाहणारा मिरो संतापतो आणि टेलिफोनवरून आपल्याच तोफखान्याला हुकूम देतो: आपल्याच खंदकांवर मारा करा.

टेलिफोनच्या दुसऱ्या टोकाला कॅप्टन रूसो नावाचा अधिकारी आहे. सिनेमात तो मोजके क्षण दिसतो. तो म्हणतो, असा हुकूम मी लेखी आणि सहीनिशी मिळाल्याशिवाय पाळू शकत नाही. मिरो धमकावतो. रूसो तेच पुन्हा सांगतो, आवाज न चढवता. तोफा डागल्या जात नाहीत.

डॅक्सवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि डग्लसचा तो ताठ जबडा विसरता येत नाही हेही खरं. पण मला विचाराल तर या सिनेमातला सर्वांत मोठा माणूस रूसो. त्याने सेनापतीला खुनी म्हटलं नाही, बंड केलं नाही, राजीनामा दिला नाही. त्याने कागद मागितला. आपल्याच पोरांवर तोफा डागायला तोंडी सांगणारा माणूस त्या हुकमाखाली सही करायला धजत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. २७ वर्षांत मी पोलीस ठाण्यात, तहसीलदारासमोर, तुरुंगाच्या दारात हेच करत आले आहे. "हे लिहून द्या" म्हटलं की समोरच्याचा आवाज खाली येतो.

पुढचा घटनाक्रम चटकन सांगते. पराभवाचं खापर फोडायला मिरोला शंभर माणसं मारायची आहेत. डॅक्स म्हणतो, मला एकट्याला मारा. घासाघीस होते, भाजीच्या दरासारखी, आणि आकडा तीनवर येतो: तीन कंपन्या, प्रत्येकी एक माणूस. तिघे कसे निवडले जातात ते नीट पाहण्यासारखं आहे. कॉर्पोरल पारीला त्याचा लेफ्टनंट रोजे निवडतो, कारण आदल्या रात्री दारूच्या नशेत रोजेने घाबरून बॉम्ब फेकला, त्यात आपलाच एक शिपाई मेला, आणि ते पाहणारा पारी एकटाच होता. दुसरा आर्नो. दोन वेळा शौर्यासाठी गौरवलेला हा शिपाई चिठ्ठी टाकून निवडला गेला. तिसरा फेरोल, कारण तो 'समाजाला नको असलेला' माणूस.

आणि मग खटला. राजवाड्याच्या भव्य दालनात, बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्या-पांढऱ्या फरशीवर. कोर्टाच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेला अधिकारी सुरुवातीलाच सांगतो, दोषारोप वाचण्यात वेळ घालवायला नको. फेरोलला विचारलं जातं, तू पुढे गेलास की नाही? तो सांगतो, कंपनीतले आम्ही दोघेच उरलो होतो. दोघांनी मिळून टेकडी का जिंकली नाही, हा प्रश्न डॅक्स विचारतो तेव्हा त्यातली वेडगळ क्रूरता सगळ्यांना ऐकू जाते, न्यायासनावर बसलेले सोडून. आर्नोची शौर्यपदकं गैरलागू ठरतात. डोक्याला मार लागून पारी बेशुद्ध पडला होता. ती जखम त्याने स्वतःच करून घेतली नसेल कशावरून, अशी शंका काढली जाते. फिर्यादी पक्ष एकही साक्षीदार आणत नाही. शेवटी डॅक्स उभा राहून जे बोलतो, त्यात भावनेचा भाग नंतर येतो. आधी तो तीन तांत्रिक हरकती घेतो: लेखी दोषारोप कधी दिलाच गेला नाही, फिर्यादीने साक्षीदार तपासला नाही, आणि या खटल्याची नोंद कुणीही ठेवत नाही.

तिसरी हरकत ऐकली तेव्हा मी त्या अंधारात ताठ बसले. आपल्याकडे कोर्टात साध्या तारखेचाही रोजनामा लिहिला जातो: कोण हजर, कोण गैरहजर, पुढची तारीख कशासाठी. विद्यार्थिनी म्हणून मला ते कारकुनी काम वाटायचं. त्या संध्याकाळी कळलं की फाशी देणारा माणूस सर्वांत आधी कारकुनाला खोलीबाहेर पाठवतो.

सकाळी तिघांना गोळ्या घातल्या जातात. आर्नोची कवटी आदल्या रात्री फुटली आहे, तो बेशुद्ध आहे, म्हणून त्याला स्ट्रेचरवर आणून स्ट्रेचरसकट खांबाला बांधतात आणि शुद्धीवर आणायला त्याचा गाल चिमटतात. आदल्या रात्री डॅक्सने ब्रुलारच्या हातात कागद ठेवले होते. मिरोने आपल्याच खंदकांवर मारा करायला सांगितलं, अशी रूसोची आणि इतरांची शपथेवरची लेखी निवेदनं. ब्रुलार कागद ठेवून घेतो, तिघांना मरू देतो, आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या टेबलावर तेच कागद मिरोच्या गळ्याभोवती आवळतो. मग डॅक्सला मिरोची जागा देऊ करतो. त्याची प्रामाणिक समजूत असते की डॅक्सने एवढी खटपट बढतीसाठीच केली असणार. मिरोची मला भीती वाटत नाही. तसा आरडाओरडा करणारा साहेब प्रत्येक कचेरीत असतो आणि तो ओळखू येतो. ब्रुलारची वाटते. तो सुसंस्कृत आहे, हसतमुख आहे, आणि कागद कधी दाबायचा व कधी काढायचा हे त्याला बरोबर कळतं. अडॉल्फ मेंजू या नटाने तो इतक्या मऊपणाने उभा केला आहे की पहिल्यांदा पाहताना तो चांगला माणूस वाटतो.

सिनेमात कागदाने कुणाचा जीव वाचला नाही, हे मला मान्य आहे. मग मी त्या कागदाला एवढं का धरून बसले आहे? कारण ही गोष्ट हवेतून आलेली नाही.

१९१५ च्या मार्चमध्ये शँपेन भागातल्या सुआँ गावाजवळ ३३६ व्या फ्रेंच पायदळ रेजिमेंटच्या एका कंपनीने हल्ल्यासाठी खंदकाबाहेर पडायला नकार दिला. तारीख १० मार्च. त्याच सकाळी उत्तरेला न्यूव शापेलला ब्रिटिशांच्या बाजूने हिंदी शिपाईही मशीनगनसमोर चालून जात होते. सुआँमध्ये जनरल रेव्हेयाकने आपल्याच खंदकांवर तोफा डागायला सांगितलं, आणि तोफखान्याच्या अधिकाऱ्याने लेखी हुकूम मागितला. म्हणजे रूसो खरोखर होऊन गेला. २४ जणांवर लष्करी खटला चालला. त्यातल्या चार कॉर्पोरलांना १७ मार्चला गोळ्या घातल्या: तेओफिल मोपा, लुई लफुलाँ, लुई जिरार आणि ल्युसियाँ लशा. पहिला शाळामास्तर, दुसरा रेल्वेत कामाला, तिसरा घड्याळजी, चौथा कॅफेतला वेटर.

मोपाची बायको ब्लांश हीसुद्धा शिक्षिका होती. तिने ठरवलं की नवऱ्याच्या नावावरचा भ्याडपणाचा शिक्का पुसायचा. ल्युसियाँ लशाची बहीणही लढत होती. मानवी हक्कांसाठी काम करणारी फ्रान्समधली संघटना पाठीशी उभी राहिली. अर्ज फेटाळले गेले, १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नाही म्हटलं. ब्लांश पुन्हा अर्ज करत राहिली. शेवटी अशा प्रकरणांसाठी खास न्यायालय नेमलं गेलं, त्यात माजी सैनिकही न्यायाधीश म्हणून बसले, आणि ३ मार्च १९३४ ला चौघे निर्दोष ठरले. १९ वर्षांनी. विधवांना नुकसानभरपाई मिळाली प्रत्येकी एक फ्रँक.

ही बातमी अमेरिकी वर्तमानपत्रात आली आणि हम्फ्री कॉबच्या नजरेला पडली. कॉब पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यातून फ्रान्समध्ये लढला होता. त्यावरची त्याची 'पाथ्स ऑफ ग्लोरी' ही कादंबरी १९३५ मध्ये निघाली. नाव टॉमस ग्रेच्या प्रसिद्ध शोकगीतातून घेतलं. सिडनी हॉवर्डने त्याच वर्षी ब्रॉडवेवर तिचं नाटक केलं, ते चाललं नाही. पुढे २० वर्षं ही कादंबरी पडून होती. न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरच्या दवाखान्यात त्यांच्या किशोरवयीन मुलाने ती वाचली होती. तो मुलगा म्हणजे कुब्रिक.

सिनेमा केला तेव्हा कुब्रिक २८ वर्षांचा होता. नुकताच त्याचा 'द किलिंग' येऊन गेला होता, त्याची वाहवा झाली पण पैसे मिळाले नाहीत. निर्माता जेम्स हॅरिस त्याच्याच वयाचा. बहुतेक स्टुडिओंनी ही पटकथा नाकारली. कर्क डग्लस आला तेव्हा युनायटेड आर्टिस्ट्सने पैसे घातले, दहा लाख डॉलरच्या आत, आणि त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाटा डग्लसच्या मानधनाचा. चिंध्या आणि भंगार गोळा करणाऱ्या रशियन ज्यू स्थलांतरिताचा तो मुलगा. त्याने आत्मचरित्रात लिहिलं आहे की म्युनिकला पोहोचल्यावर त्याच्या हातात बदललेली पटकथा पडली: शेवटच्या क्षणी शिक्षा रद्द होते, तिघे वाचतात. का, असं विचारल्यावर कुब्रिकने सांगितलं की सिनेमा चालायला हवा. डग्लसने ती पटकथा भिरकावली आणि मूळ शेवट नसेल तर मी नाही असं बजावलं. इतरांनी हा किस्सा वेगळ्या तऱ्हेने सांगितला आहे. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे की त्या तिघांना पडद्यावर वाचवायचा मोह या सिनेमालाही पडला होता, आणि तो आवरला गेला. तिघे वाचले असते तर सुआँच्या चौघांना दुसऱ्यांदा पुसून टाकलं गेलं असतं.

फ्रान्सची ही गोष्ट चित्रित झाली ती जर्मनीत, दुसरं महायुद्ध संपून १२ वर्षं झाली असताना. गाइझलगास्टाइगचा स्टुडिओ, म्युनिकजवळचा श्लाइसहाइम राजवाडा, आणि भाड्याने घेतलेलं एक शेत, जे उकरून त्याची रणभूमी केली. फ्रेंच शिपाई म्हणून धावणारे सुमारे ६०० जण होते जर्मन पोलीस. कॅमेरा जर्मन गेऑर्ग क्राउझेचा. खंदकातून डॅक्स चालत जातो तो प्रसंग आजही सिनेमाच्या विद्यार्थ्यांना दाखवतात: कॅमेरा त्याच्यापुढे मागे मागे सरकतो, दोन्ही बाजूंना भिंतीला चिकटलेले शिपाई, वरून मातीचे लोट, आणि कुणीही बोलत नाही. कॅमेरा जावा म्हणून खंदक खऱ्यापेक्षा रुंद खणावा लागला होता. मला तो प्रसंग वकील म्हणून आठवतो. कोर्टाच्या व्हरांड्यातून चालताना दोन्ही बाजूंच्या बाकांवर बसलेल्या अशिलांची नजर तशीच असते.

शेवटी खानावळीत एका घाबरलेल्या जर्मन मुलीला गायला लावतात. आधी शिट्ट्या मारणारे फ्रेंच शिपाई हळूहळू गप्प होतात, तिच्याबरोबर गुणगुणतात, रडतात. ती अभिनेत्री क्रिस्टियानं हार्लान पुढे कुब्रिकची पत्नी झाली. तिचा काका फाइट हार्लान हा नाझींचा कुप्रसिद्ध दिग्दर्शक. त्या घरातली मुलगी, शत्रूच्या भाषेत, फ्रेंच सैनिकांना रडवते. बाहेर उभ्या डॅक्सला निरोप येतो की पुन्हा आघाडीवर जायचं आहे, आणि तो म्हणतो, पोरांना अजून थोडा वेळ द्या. दुसरा कुठला दिग्दर्शक असता तर त्याने इथे भाषण घातलं असतं.

आता सिनेमाच्या नशिबी काय आलं ते पाहा. फ्रान्सने त्यावर बंदी घातली, असं सर्रास लिहिलं जातं. तसं घडलं नाही. बंदीचा हुकूमच निघाला नाही. त्या वेळी फ्रान्स अल्जीरियात युद्ध लढत होता आणि लष्कराच्या अब्रूचा प्रश्न फार नाजूक झाला होता. सरकारी वर्तुळातून दबाव आला, वितरकाने परवानगीसाठी सिनेमा सादरच केला नाही, आणि १९७५ पर्यंत फ्रेंच प्रेक्षकाने तो आपल्या थिएटरात पाहिला नाही. १८ वर्षं. ब्रसेल्समध्ये फ्रेंच माजी सैनिकांनी गोंधळ घातला. १९५८ च्या बर्लिन महोत्सवातून अंग काढून घेण्याची धमकी फ्रान्सने दिली. स्वित्झर्लंडने १९७० पर्यंत आणि स्पेनने १९८६ पर्यंत तो दाखवला नाही. युरोपातल्या अमेरिकी लष्करी तळांवरही मनाई होती.

बंदीचा हुकूम असता तर कुणी तरी कोर्टात गेलं असतं. हुकमात कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण दिलं की ते तपासता येतं. हुकूमच नाही म्हटल्यावर आव्हान कशाला द्यायचं? सुआँच्या चौघांची कहाणी दाबायला सरकारने जनरल मिरोचीच पद्धत वापरली: टेलिफोन.

तरीही काळ सरकला. १९९८ मध्ये पंतप्रधान लिओनेल जोस्पाँ क्रॉन या जुन्या रणभूमीवर उभे राहून म्हणाले की युद्धात 'धडा म्हणून' गोळ्या घातलेल्या सैनिकांनाही राष्ट्राच्या स्मृतीत जागा मिळाली पाहिजे. फ्रान्समध्ये त्या युद्धात असे सहाशेहून अधिक सैनिक मारले गेले. ब्रिटनने २००६ मध्ये कायदा करून आपल्या ३०६ जणांना माफी दिली. या सगळ्यांसाठी लढणाऱ्या नातवंडा-पतवंडांच्या हातात शेवटी काय होतं? जीर्ण फायली. कुठे तारीख, कुठे एका साक्षीदाराचं नाव, कुठे बचावाला कुणी नव्हतं याची नोंद. फाइल मरणाऱ्याला वाचवू शकली नाही, पण तिच्या आधारानेच त्याच्या घरचे खोटं खोडून काढू शकले.

हे सगळं मी आज लिहिते आहे ते आपल्याकडच्या एका कलमासाठी. १८५७ च्या उठावानंतर ब्रिटिशांनी हिंदी शिपायांसाठी 'समरी कोर्ट मार्शल' आणलं. ते १९५० च्या आपल्या लष्कर कायद्यात तसंच राहिलं. त्यात कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायाधीश. आणखी दोघे बसलेले असतात, पण त्यांना शपथ नसते आणि निर्णयात मत नसतं. आरोपी शिपायाला मदतीला एक 'मित्र' मिळतो. तो वकील असला तरी कोर्टाशी बोलू शकत नाही, साक्षीदाराला प्रश्न विचारू शकत नाही, फक्त शिपायाच्या कानात सांगू शकतो. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद आणि नोकरीतून बडतर्फी. बडतर्फी म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही फौजी घराला विचारा काय असते ते. पगार जातो, पेन्शन जातं, कॅन्टीनचं कार्ड जातं, आणि गावात मान खाली घालून फिरावं लागतं.

रणजित ठाकूर विरुद्ध भारत सरकार हे १९८७ चं प्रकरण कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. एका शिपायाने वरिष्ठाने दिलेल्या त्रासाची तक्रार थेट वर केली म्हणून त्याला शिक्षा झाली. शिक्षा भोगत असताना त्याने जेवण नाकारलं. जेवायच्या हुकमाची अवज्ञा केली म्हणून दुसऱ्याच दिवशी समरी कोर्ट मार्शल झालं: एक वर्ष सक्तमजुरी आणि बडतर्फी. न्यायासनावर तोच अधिकारी बसला होता, ज्याच्याविरुद्ध तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. वाचताना मला रोजे आणि पारी आठवले. ज्याच्याविरुद्ध साक्ष होऊ शकते, त्याच्याच हातात निवड.

मात्र १९९० मध्ये एस. एन. मुखर्जी प्रकरणात घटनापीठाने एक मोठं तत्त्व मांडलं आणि त्यालाच एक अपवाद ठेवला. प्रशासनातल्या निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यांनी कारणं लिहिली पाहिजेत, हे तत्त्व. कोर्ट मार्शलचा निष्कर्ष आणि शिक्षा, व ती कायम करणारा आदेश, यांना कारणं लिहिण्याचं बंधन नव्हतं, कारण तेव्हाच्या कायद्याने तसं सांगितलेलं नव्हतं, हा अपवाद. २००९ पासून सशस्त्र दल न्यायाधिकरण काम करू लागलं, मुंबईतही त्याचं पीठ आहे, हे मोठं पाऊल होतं. पण जिथे अपील करायचं तिथे नेण्यासाठी खालच्या कोर्टाने काय विचार केला हे कुठे लिहिलेलं असायला नको का?

निवृत्त अधिकाऱ्यांशी मी यावर बोलले आहे. त्यांच्यातले काही माझे शेजारी आहेत, सज्जन माणसं. ते म्हणतात, वकीलबाई, आघाडीवर निकालपत्र लिहायला वेळ नसतो, शिस्त तिथल्या तिथे लागते. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. ज्यांनी गोळ्यांचा आवाज ऐकला आहे त्यांना शिस्तीची किंमत माझ्यापेक्षा जास्त कळते. पण बहुतेक कोर्ट मार्शल शांततेच्या काळात, छावणीत, टेबल-खुर्चीवर होतात. तिथे एक पानभर कारणं लिहायला अर्धा तास लागतो. रूसोने भर लढाईत, टेलिफोन कानाला लावून, सही मागितली होती, आणि त्यामुळे शिस्त मोडली नाही, शेकडो शिपाई आपल्याच तोफांपासून वाचले. लष्कर कायद्यात एका ओळीची दुरुस्ती हवी: निष्कर्ष आणि शिक्षा यांची कारणं लिहिलीच पाहिजेत, आणि त्याची नक्कल आरोपीला मागितल्याशिवाय मिळाली पाहिजे. आणि शांततेच्या काळात एकट्या कमांडिंग ऑफिसरने माणसाला बडतर्फ करणं थांबलं पाहिजे. संसदेतल्या साताऱ्याच्या, सांगलीच्या, कोल्हापूरच्या प्रतिनिधींनी हा विषय मांडावा. ज्यांच्या मतदारसंघात गावागावाच्या वेशीवर हुतात्म्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांनी तर आधी.

काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्या ऑफिसात आल्या. गाव सांगत नाही. नवरा बडतर्फ होऊन घरी आला होता आणि कुणाशी बोलत नव्हता, सोबतही आला नव्हता. त्यांनी किराण्याच्या कापडी पिशवीतून कागद काढून टेबलावर लावले, एकावर एक, कडा जुळवून. मी वाचत गेले. दोषारोपाचा कागद होता. कोण कोण हजर होतं ते होतं. शेवटी 'दोषी' आणि त्याखाली 'सेवेतून बडतर्फ', सही, शिक्का, तारीख. मधे काही नव्हतं. त्याने काय सांगितलं ते का पटलं नाही, दुसऱ्याने काय सांगितलं ते का पटलं, एक ओळ नाही.

त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. माझं वाचून होईपर्यंत त्या शांत बसल्या. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, पोरगा आठवीत हाय. मोठा झाला की इचारंल, आप्पांनी काय केलं म्हनून. ह्यातलं कुठलं पान त्याला दाखवू?"

मी ती पानं पुन्हा पहिल्यापासून चाळू लागले.